फॉस्फो-बीटा-कॅटेनिनचा बँड जेमतेम दिसतो, टोटल मात्र ठळक: अँटीबॉडी खराब समजायची का?

पेट्रीबशी

नमस्कार मंडळी. पीएचडीचं काम विंट सिग्नलिंगवर आहे (पेशीतली एक संदेशवहन साखळी, बीटा-कॅटेनिन हे तिचं मुख्य प्रथिन). बीटा-कॅटेनिनचं सेरिन ३३, सेरिन ३७ आणि थ्रिओनिन ४१ या जागांवरचं फॉस्फोरिलेशन, म्हणजे फॉस्फेट बसणं, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) दाखवायचंय. त्यासाठी सशात बनवलेली, फक्त फॉस्फोरिलेटेड रूप ओळखणारी अँटीबॉडी मागवली. नवीन व्हायल आहे, नीट उणे २० ला ठेवलेली.

पेशी दोन प्रकारच्या: हेपजी२ (यकृताच्या कर्करोगाच्या) आणि एचसीटी११६ (मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या). दोन्ही कन्फ्लुएंट (डिशभर दाट) झाल्यावर घेतल्या. लायसिस (पेशी फोडणं) रिपा या डिटर्जंटच्या बफरमध्ये, बर्फावर. त्यात प्रोटिएज इनहिबिटरची गोळी, ५ मिलिमोलर ईडीटीए आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. लेनला ४० मायक्रोग्रॅम प्रोटीन, ८ टक्के जेल. ब्लॉकिंग ५ टक्के दुधात, प्रायमरी १:१००० त्याच दुधात रात्रभर ४ अंशाला.

दिसतं ते असं:

टोटल (फॉस्फेट असो वा नसो, सगळं) बीटा-कॅटेनिन दोन्ही पेशींत झकास येतं. हेपजी२ मध्ये मात्र दोन बँड: एक ९२ किलोडाल्टनच्या आसपास, दुसरा ७५ च्या जवळ.

फॉस्फो अँटीबॉडीने हेपजी२ मध्ये वरचा बँड पुसट, खालचा अजिबात नाही. एचसीटी११६ मध्ये एक्स्पोजर खूप वाढवलं की काहीतरी दिसल्यासारखं होतं, पण तोवर बॅकग्राउंड काळवंडतं.

एमजी१३२ (प्रथिनं फोडणाऱ्या प्रोटिएसोमला रोखणारं रसायन) दिलेल्या हेपजी२ मध्ये बँड वाढला, पण त्याच्या वर वेलपर्यंत (नमुना भरायच्या खाचेपर्यंत) धुरकट पट्टा आला.

गाइडचं म्हणणं, लॉट खराब आहे, कंपनीला कळवून बदलून घे. लॅबमधल्या सीनियरचं म्हणणं, डायल्यूशन १:२०० कर. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगताही येत नाहीये. कुणी मार्गदर्शन कराल का?

जेल_आठ_टक्के

दूध बंद करा. केसीन हे स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, ब्लॉकिंगला आणि प्रायमरीलाही. बॅकग्राउंड तिथेच निम्मं उतरेल.

कॅडहेरिन

पेट्रीबशी, अँटीबॉडी बदलायची घाई करू नका आणि १:२०० तर मुळीच करू नका. तुमच्या जवळजवळ प्रत्येक निरीक्षणाचं उत्तर बीटा-कॅटेनिनच्या जीवशास्त्रातच आहे. उरलेलं तुमच्या लायसिस बफरमध्ये आहे.

आधी हेपजी२. तो ७५ चा बँड डिग्रेडेशनचा तुकडा नाही. या पेशींत बीटा-कॅटेनिनच्या जनुकाचा एक अलील (दोन प्रतींपैकी एक) तुटका आहे, २५ ते १४० ही अमिनो आम्लं त्यातून गेलेली आहेत. तुम्हाला हव्या असलेल्या तिन्ही जागा त्याच पट्ट्यात येतात. तुमची टोटल अँटीबॉडी सी-टोकाकडची असणार, म्हणून तिला अखंड प्रथिनही दिसतं आणि तुटकंही. फॉस्फो अँटीबॉडीला तुटक्यावर बसायला जागाच नाही. खालचा बँड न दिसणं हे तिच्या बाजूने आहे. पण त्यातून सिद्ध किती होतं तेही नीट मोजा: अँटीबॉडी २५ ते १४० च्या दरम्यान कुठेतरी बसते, एवढंच. तिला तिथे फॉस्फेट लागतं की नाही, हे त्या बँडवरून कळत नाही. ते वेगळं दाखवावं लागेल, त्यावर पुढे येते.

एचसीटी११६ ची गोष्ट निराळी. तिथे एका अलीलमध्ये सेरिन ४५ गायब आहे. तुमची अँटीबॉडी ४५ बघत नाही, मग फरक का पडावा? कारण हे फॉस्फोरिलेशन क्रमाने होतं. अ‍ॅक्सिन आणि एपीसी या प्रथिनांच्या मचाणावर बीटा-कॅटेनिन आलं की सीके१-अल्फा हा एन्झाइम आधी ४५ वर फॉस्फेट बसवतो. जीएसके३-बीटा या दुसऱ्या एन्झाइमला चार घरं पलीकडे फॉस्फेट आधीच बसलेलं लागतं, तरच तो नीट काम करतो. ४५ वर बसलं की ४१, ४१ वर बसलं की ३७, मग ३३. आकडे बघा, प्रत्येक उडी चारची आहे. पहिली पायरीच नसेल तर त्या अलीलमधून आलेलं प्रथिन पुढे जात नाही, तुटतही नाही आणि साचत राहतं. टोटलच्या बँडमध्ये त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून टोटल ठळक, फॉस्फो पुसट. पेशीत जे घडतंय तेच ब्लॉटवर आलंय.

आता मुख्य मुद्दा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शोधनिबंधांतही लोक इथे घसरतात. ३३ आणि ३७ वर फॉस्फेट बसलेलं बीटा-कॅटेनिन पेशी साठू देत नाही. बीटा-टीआरसीपी ते ओळखतो, त्यावर युबिक्विटिनची साखळी चढते आणि प्रोटिएसोम ते फोडून टाकतो. विंट नसताना मोकळ्या बीटा-कॅटेनिनचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. म्हणजे तुमच्या बँडमध्ये फॉस्फोरिलेशन किती होतंय ते दिसत नाही. होण्याचा वेग आणि फोडण्याचा वेग यांतून जे शिल्लक राहतं ते दिसतं. गळक्या बादलीतल्या पाण्याची पातळी बघून नळ किती सोडलाय ते सांगता येत नाही, आधी भोक बुजवावं लागतं. एमजी१३२ नेमकं तेच करतं. बँड वाढला तो त्यामुळे, आणि वरचा धूर म्हणजे युबिक्विटिन लागलेली तीच प्रथिनं, फुटायची वाट बघत थांबलेली. हा धूर आला याचा मला तर आनंदच होतो. नियंत्रण यंत्रणा चालू आहे असा त्याचा अर्थ.

लायसिस बफरबद्दल स्पष्टच सांगते. ऑर्थोव्हॅनाडेट हे टायरोसीन फॉस्फेटेज, म्हणजे टायरोसीनवरचं फॉस्फेट काढणारे एन्झाइम, रोखतं. तुमच्या जागा सेरिन आणि थ्रिओनिनच्या. पीपी१ आणि पीपी२ए या फॉस्फेटेजना व्हॅनाडेटने फारसा फरक पडत नाही. तुमच्या नळीत, पेशी फुटल्या क्षणापासून, हे दोघे मोकाट फॉस्फेट काढत सुटलेत. त्यांच्यासाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला, मी फ्लोराइड ५० मिलिमोलर आणि ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर ठेवते. शिवाय ईडीटीए व्हॅनाडेटला धरून ठेवतं आणि त्याची ताकद घालवतं, त्यामुळे ज्यासाठी ते घातलंय तेही पुरतं साधत नाही. व्हॅनाडेट उकळून सक्रिय केलेलं आहे ना? पीएच १० ला आणायचं, पिवळं दिसलं की रंग जाईपर्यंत उकळायचं, थंड करून पीएच पुन्हा १० ला आणायचा, पुन्हा उकळायचं, पीएच टिकेपर्यंत. बाटलीतलं पिवळं द्रावण तसंच वापरणं म्हणजे निम्मं काम वाया.

शंकाच नको असेल तर रिपा सोडा. मीडिया ओतून टाका, एकदा थंड टीबीएसने धुवा आणि उकळता लेमली सॅम्पल बफर थेट डिशवर घाला. एसडीएस आणि उष्णता मिळून सगळी एन्झाइम्स जागच्या जागी थांबवतात. लायसेट चिकट होतं, डीएनए मोकळा होतो म्हणून. सोनिकेट करा किंवा बारीक सुईच्या सिरिंजमधून ओढा. त्यात नेहमीच्या पद्धतीने प्रोटीन मोजता येत नाही, म्हणून शेजारी तशीच एक डिश मोजणीसाठी वेगळी ठेवा. मी फॉस्फोच्या कामाला हाच मार्ग पसंत करते. धुण्यात आणि स्क्रॅप करण्यात जाणारी मिनिटं वाचतात, आणि या प्रथिनाच्या बाबतीत मिनिटंच सगळं ठरवतात.

मग अँटीबॉडीची परीक्षा. पाच लेन लावा, हेपजी२ चालतील, एचईके२९३ असतील तर फारच छान, कारण तिथे ही यंत्रणा धडधाकट असते. पहिली लेन फक्त डीएमएसओ (बाकीची रसायनं ज्यात विरघळवतात ते द्रावक). दुसरी एमजी१३२, १० मायक्रोमोलर, चार ते सहा तास. तिसरी सीएचआयआर९९०२१ (जीएसके३ रोखणारं), ३ मायक्रोमोलर, तेवढाच वेळ. चौथी दोन्ही मिळून. पाचवी कॅलिक्युलिन ए (पीपी१ आणि पीपी२ए रोखणारं), १०० नॅनोमोलर, अर्धा तास.

चौथ्या लेनवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. एकट्या सीएचआयआरमध्ये फॉस्फो गेला तर पेशीने तो फोडून टाकला असेल, असं कुणीही म्हणू शकतं. एमजी१३२ सोबत असताना फोडायचा मार्ग बंद आहे, टोटल भरपूर आहे, आणि तरीही फॉस्फो बँड नसेल तर त्याचं कारण एकच, जीएसके३ चं काम थांबलं. अँटीबॉडीला फॉस्फेट लागतं याचा याहून सरळ पुरावा जिवंत पेशीतून मिळणं कठीण. सेरिन ४५ ची अँटीबॉडी असेल तर तीही लावा. ४५ वरचं काम सीके१ चं असल्याने सीएचआयआरमध्ये तो सिग्नल टिकायला हवा.

कॅलिक्युलिनची एक गंमत, पहिल्यांदा वापरणाऱ्याला ती कुणी सांगत नाही: अर्ध्या तासात पेशी गोल होतात आणि डिशवरून सुटतात. मायक्रोस्कोपखाली चिकटलेला सपाट थर होता तिथे मोत्यांसारखे गोळे तरंगताना दिसतात. सवयीने मीडिया ओतून टाकलात तर सगळा नमुना सिंकमध्ये गेला. मीडियासकट गोळा करा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये बसवा आणि गाळावर सॅम्पल बफर घाला.

जेल_आठ_टक्के यांचा बीएसएचा सल्ला योग्य आहे, आधी तो करा. पण दुधाला सरसकट दोषी धरू नका. केसीनवर सेरिनचे फॉस्फेट असतात हे खरं, आणि पॅन-फॉस्फोटायरोसीनसारख्या, फॉस्फेटवरच भर देणाऱ्या अँटीबॉडीला दूध नडतं. जागेभोवतीचा क्रम ओळखणाऱ्या अँटीबॉडीला केसीनमध्ये तो क्रम सापडत नाही, काही तर दुधातच स्वच्छ चालतात. डेटाशीटवर काय लिहिलंय ते बघा, तिथे सहसा करून पाहिलेलं असतं.

पेट्रीबशी

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. व्हॅनाडेटचं तर आमच्या लॅबमध्ये सगळेच तसंच वापरतात, प्रोटोकॉलच्या कागदावर तेवढंच लिहिलंय म्हणून.

दोन शंका. अँटीबॉडीला फॉस्फेट खरंच लागतं का, हे कंपनी आधीच तपासत नाही का? आणि लॅम्डा फॉस्फेटेज (प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारं एन्झाइम) आमच्याकडे फ्रीजरमध्ये आहे, ते सरळ माझ्या रिपा लायसेटमध्ये घालू का?

कॅडहेरिन

दुसरं आधी: नका घालू. लॅम्डा फॉस्फेटेजला मँगेनीज लागतं आणि तुमचं ईडीटीए ते ओढून घेतं. फ्लोराइड आणि व्हॅनाडेट तर त्यालाही रोखतात. म्हणून वेगळी डिश, वेगळा बफर: ईडीटीए नाही, फॉस्फेटेज इनहिबिटर नाहीत, एसडीएस नाही, एनपी-४० सारखा सौम्य डिटर्जंट, प्रोटिएज इनहिबिटरही ईडीटीए नसलेलेच. त्याचे दोन भाग करा. दोन्हींत १ मिलिमोलर मँगेनीज क्लोराइड, दोन्ही ३० अंशाला अर्धा तास, एन्झाइम मात्र एकातच. एन्झाइम नसलेली जोडीची नळी विसरू नका. तुमच्या पेशींतले स्वतःचे फॉस्फेटेजही त्या अर्ध्या तासात काम करणार आहेत, त्यांनी किती काढलं ते या नळीतून कळतं. सुरुवात एमजी१३२ दिलेल्या पेशींपासून करा. काढायला आधी काहीतरी असायला हवं.

पहिल्या शंकेसाठी या अँटीबॉडी बनतात कशा ते बघा. बीटा-कॅटेनिनच्या त्या भागाचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा पेप्टाइड बनवतात, ठरलेल्या जागी फॉस्फेट लावूनच. तो केएलएच नावाच्या मोठ्या प्रथिनाला जोडून सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्याविरुद्ध नाना तऱ्हेच्या अँटीबॉडी तयार होतात: काही फॉस्फेटसकट आकार ओळखणाऱ्या, काही फॉस्फेट असो वा नसो त्या क्रमालाच धरणाऱ्या. मग फॉस्फोपेप्टाइडच्या कॉलमवर हव्या त्या पकडायच्या, आणि साध्या पेप्टाइडच्या कॉलममधून जाऊ देऊन नको त्या काढून टाकायच्या. ही दुसरी गाळणी किती कसून केली यावर सगळं अवलंबून. पॉलीक्लोनल असेल तर ससा बदलला की मिश्रण बदलतं, म्हणून एका लॉटवर केलेली खात्री दुसऱ्याला लागू होत नाही. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलचा क्रम ठरलेला असतो, तिथे हा त्रास बराच कमी. तुमची कुठली आहे ते लेबलवर बघा. कंपनी तपासते, पण त्यांच्या पेशींत, त्यांच्या बफरमध्ये. तुमच्या पेशींत ती काय बघतेय ते तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि परीक्षकासमोर उभं राहायचंय तेही तुम्हालाच.

एक नातलग मात्र कंपनीच्या चाचणीतूनही निसटू शकतो. ३३ आणि ३७ भोवतालचा क्रम असा: अ‍ॅस्पार्टिक आम्ल, सेरिन, ग्लायसिन, आयसोल्युसिन, हिस्टिडिन, सेरिन, ग्लायसिन. प्लॅकोग्लोबिन, म्हणजे गॅमा-कॅटेनिन, काढून बघा. तोच क्रम, अक्षरशः तोच. पेशींना एकमेकींशी बांधण्याच्या कामात हे दोघे सख्खे भाऊ, वजनही जवळचं, ८२ च्या आसपास. तुमच्या ८ टक्के जेलवर ते दोन वेगळे दिसतीलच असं नाही. बीटा-कॅटेनिन नॉकआउट केलेल्या (त्याचं जनुक निकामी केलेल्या) पेशींत फॉस्फो बँड थोडा उरला तर अँटीबॉडीला नावं ठेवण्याआधी प्लॅकोग्लोबिनची अँटीबॉडी लावून बघा. आयकप्पाबी-अल्फामध्येही असाच, थोडा बदललेला क्रम असतो, बीटा-टीआरसीपी त्यालाही तसाच पकडतो. पण ते ३९ किलोडाल्टनच्या जवळ, तिथे गोंधळ व्हायचं कारण नाही.

मायक्रोस्कोपखाली

मी हीच अँटीबॉडी इम्युनोफ्लोरोसन्सला (पेशींत प्रथिन कुठे आहे ते चमकत्या रंगाने बघायला) वापरतो, म्हणून एक इशारा. ब्लॉटवर वजन दिसतं, चुकीचा बँड कळतो. स्लाइडवर सगळं एकाच हिरव्या रंगात येतं. पेशींच्या सीमेवर, पुढे आलेल्या टोकांवर, सेंट्रोसोमवर फॉस्फो सिग्नल दिसल्याचे शोधनिबंध आहेत. मलाही विभाजन होणाऱ्या पेशींत दोन टोकांना दोन ठिपके लख्ख दिसतात, सेंट्रोसोमची खूण असलेल्या गॅमा-ट्युब्युलिनवर बरोबर बसतात. पण सेंट्रोसोम ही अशी जागा आहे की सशाच्या बऱ्याच अँटीबॉडी तिथे विनाकारण चिकटतात. त्यामुळे नॉकआउट पेशी आणि फॉस्फोपेप्टाइडने अडवलेली अँटीबॉडी, दोन्ही स्लाइडवर ठिपके जातात का ते बघितल्याशिवाय मी ते चित्र कुणाला दाखवत नाही. प्रबंधात स्लाइड घालायची असेल तर हे आधीच करून ठेवा.

जेल_आठ_टक्के

कॅडहेरिन, जरा विषयाला धरूनच विचारतो. तुम्ही सगळं सिग्नलिंगच्या बाजूने सांगितलंत. माझं काम पेशींच्या चिकटण्यावर आहे, मला बीटा-कॅटेनिनच्या टायरोसीन ६५४ वरचं फॉस्फोरिलेशन हवंय. तिथे पण हेच कंट्रोल?

कॅडहेरिन

नाही, तिथे जवळजवळ सगळं उलटं आहे. टायरोसीन ६५४ हे आर्माडिलो रिपीट्सच्या (बीटा-कॅटेनिनच्या मधल्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या) शेवटच्या भागात येतं, पेशींना चिकटवणाऱ्या ई-कॅडहेरिनची शेपूट बसते त्या पृष्ठभागावर. सार्क या एन्झाइमने तिथे फॉस्फेट लावलं की कॅडहेरिनची पकड सैल होते. १४२ वर लागलं तर अल्फा-कॅटेनिनशी जोड सैल होतो. इथे प्रथिन फुटत नाही, त्यामुळे एमजी१३२ चा उपयोग नाही. फॉस्फेट लागलेला अंश मुळातच थोडा असतो आणि टायरोसीन फॉस्फेटेज झटपट काढून टाकतात, म्हणून तुम्हाला परव्हॅनाडेट हवं: सक्रिय व्हॅनाडेटमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ताजं बनवलेलं, पेशींना लायसिसच्या आधी काही मिनिटं दिलेलं. ऑफ कंट्रोल म्हणून सार्कचा इनहिबिटर. आणि थेट लायसेट ब्लॉट करण्यापेक्षा बीटा-कॅटेनिन आधी इम्युनोप्रेसिपिटेट करा (अँटीबॉडीने ओढून वेगळं काढा), मग ६५४ ची अँटीबॉडी आणि पॅन-फॉस्फोटायरोसीन दोन्हींनी बघा. दोघींचं म्हणणं जुळलं तर पुढे जा. परव्हॅनाडेट पेशीतल्या टायरोसीनच्या जागा सरसकट पेटवतं, हे लक्षात ठेवा. त्या लेनवरून अँटीबॉडी काम करते एवढंच कळतं, शरीरात तसं घडतं असं लिहू नका.

पेट्रीबशी

उशिरा परत आलो, क्षमस्व. बफर बदलला, बीएसए वापरलं, उकळता लेमली थेट डिशवर. हेपजी२ मध्येच केलं.

डीएमएसओमध्ये वरचा बँड आता न ताणता दिसतो. एमजी१३२ मध्ये भरपूर, वर धूर. एमजी१३२ आणि सीएचआयआर एकत्र असलेल्या लेनमध्ये टोटल ठळक असूनही फॉस्फो जवळजवळ नाही. कॅलिक्युलिनमध्ये पेशी खरंच तरंगायला लागल्या, गोळा केल्या, बँड तिथेही वाढलाय. गाइडनी चौथी लेन बघून लॉट बदलायचा विषय सोडून दिला.

आता अडलंय ते इथे. लॅम्डाची जोडी लावली, एन्झाइम असलेल्या लेनमध्ये बँड खूप कमी झाला पण पुसट शिल्लक आहे. आणि एचसीटी११६ मध्ये सीएचआयआर दिल्यावर टोटल वाढायला हवं होतं, ते फारसं वाढलंच नाही. फॉस्फो भागिले टोटल असं गुणोत्तर काढून आलेख करायचा विचार होता, पण या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

कॅडहेरिन

चौथ्या लेनचं वाचून फार बरं वाटलं.

लॅम्डानंतर उरलेल्या बँडची दोनच कारणं संभवतात. एक, एन्झाइमचं काम अपुरं राहिलं. दोन, तुमच्या अँटीबॉडीत साध्या क्रमाला धरणाऱ्या काही अँटीबॉडी गाळून यायच्या राहिल्या. वेगळं करायला सोपं आहे. त्याच नळ्यांवर दुसरी कुठली तरी फॉस्फो अँटीबॉडी लावा, लॅबमध्ये ईआरके किंवा एकेटीची असेलच. तिचा बँड संपूर्ण गेला तर एन्झाइमने आपलं काम केलंय, मग दुसरं कारण धरा. तिचाही उरला तर वेळ वाढवा, लायसेट पातळ करा.

दुसरं कारण निघालं तर साधा, फॉस्फेट नसलेला पेप्टाइड मागवा आणि प्रायमरी लावण्याआधी अँटीबॉडीत मिसळून थोडा वेळ ठेवा. गळणाऱ्या अँटीबॉडी तो अडवून ठेवेल, खऱ्या फॉस्फोवाल्या मोकळ्या राहतील. उरलेला बँड जाईल आणि एमजी१३२ चा बँड तसाच राहील, असं व्हायला हवं. फॉस्फोपेप्टाइडने मात्र दोन्ही जातील. तुमच्या हेपजी२ च्या खालच्या बँडवरून ही गळती तपासायला जाऊ नका, तिथे तो भागच नसल्याने गळतीलाही चिकटायला काही नाही.

तुमच्या चौथ्या लेनमध्येही टोटल ठळक होतं आणि तिथे फॉस्फो जवळजवळ नव्हता. गळती असलीच तर किती, याचा अंदाज तिथूनच घ्या. तिथला पुसटपणा आणि लॅम्डातला पुसटपणा टोटलच्या मानाने सारखा असेल तर ती गळतीच. लॅम्डात जास्त असेल तर एन्झाइम कमी पडलं.

एचसीटी११६ चं टोटल न वाढणं अपेक्षित आहे. सेरिन ४५ नसलेलं प्रथिन आधीच टिकून आहे, सीएचआयआरने त्याला आणखी काय टिकवायचं? शिवाय या सगळ्या एपिथेलियल पेशींत बीटा-कॅटेनिनचा मोठा साठा कॅडहेरिनला बांधलेला, पेशींच्या सीमेवर बसलेला असतो. त्याला ही फोडणारी यंत्रणा सहसा हात लावत नाही. तुमची टोटल अँटीबॉडी तो सगळा साठा मोजते, आणि त्यापुढे मोकळ्या भागातला बदल झाकला जातो.

म्हणूनच गुणोत्तराबद्दल मी सावध आहे. भाजक म्हणून तुम्ही जे घेताय त्यातला बहुतांश भाग या फॉस्फोरिलेशनच्या वाटेला जातच नाही. पेशी जितक्या दाट वाढवाल तितका तो भाग मोठा होतो, आणि काहीही न करता तुमचं गुणोत्तर उतरतं. दोन गोष्टी करा. सगळ्या डिश सारख्याच घनतेला काढा, कन्फ्लुएंट होऊ देऊ नका. आणि कॅडहेरिनला बांधलेला साठा बाजूला काढा: डिटर्जंट नसलेल्या बफरमध्ये पेशी फोडून पटलं जोरात सेंट्रिफ्यूज करून खाली बसवली तर वर मोकळा भाग उरतो, किंवा सौम्य डिटर्जंटच्या लायसेटमधून कॉन्कॅनाव्हॅलिन ए चे मणी फिरवा. कॅडहेरिनवर शर्करा असते, मणी तिला धरतात आणि तिला बांधलेलं बीटा-कॅटेनिनही सोबत खाली जातं. इथे उकळता लेमली चालणार नाही, तिथे जोड तुटतात. म्हणून फ्लोराइड आणि ग्लिसरोफॉस्फेट भरपूर घाला, कॅलिक्युलिनही थोडं बफरमध्येच, आणि सगळं ४ अंशाला. मग फॉस्फो आणि टोटल दोन्ही त्या मोकळ्या भागातलेच घ्या.

स्ट्रिपिंग (मेम्ब्रेनवरची अँटीबॉडी धुऊन काढून दुसरी लावणं) करत असाल तर फॉस्फो आधी, टोटल नंतर. स्ट्रिप केल्यावर फक्त सेकंडरी लावून एकदा एक्स्पोजर घ्या, सशाची अँटीबॉडी पुरती सुटलीय का ते दिसेल. त्यापेक्षा टोटलसाठी उंदराची अँटीबॉडी आणि दोन रंगांचं फ्लोरोसंट सेकंडरी मिळालं तर एकाच मेम्ब्रेनवर दोन्ही एका वेळी वाचता येतील. तुमची टोटल सी-टोकाकडची असल्याने दोघी एकमेकींच्या आड येणार नाहीत. एन-टोकाची टोटल मात्र टाळा, आणि "अ‍ॅक्टिव्ह बीटा-कॅटेनिन" म्हणून विकली जाते ती तर टोटल म्हणून कधीच वापरू नका. ती नेमकं फॉस्फेट नसलेलं रूप ओळखते.

पेप्टाइड मागवताना त्याचा क्रम कंपनीला लेखी विचारा, आणि व्हायलवरचा लॉट नंबर आत्ताच वहीत चिकटवा.